खाऱ्या पाण्याचं विरजण

कामरेज म्हटलं की आज आठवतो तो महामार्गावरचा चार रस्ता, सुरतेकडे वळणाऱ्या बसगाड्या आणि आजूबाजूचा ऊस. पण हे गाव एके काळी समुद्राच्या हिशेबात होतं. पहिल्या शतकात कोणा ग्रीक भाषक दर्यावर्दीने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये भडोचच्या आखाताच्या तोंडाशी एक लांबट, खडकाळ दांडा सांगितला आहे आणि त्याच्या समोर कम्मोनी नावाचं गाव. हे कम्मोनी म्हणजेच कामरेज, असं मानणारे अभ्यासक आहेत. 2003 साली इथे तापीकाठी झालेल्या उत्खननामागेही हाच प्रश्न होता. पुढे गायकवाडांच्या बडोदे संस्थानात कामरेज हा नवसारी प्रांतातला महाल झाला, तोवर बंदर म्हणून त्याचं नाव कोणी घेत नव्हतं. सरळ रेषेत मोजलं तर समुद्र इथून तीसेक किलोमीटरवर आहे. तरीही कामरेजमध्ये कोणी दोन फुटी काचेच्या टाकीत समुद्री मासे ठेवायचं म्हटलं, तर मीठ पिशवीतून विकत आणावं लागतं. डुमसच्या किनाऱ्यावर जाऊन समुद्राच्या पाण्याचा कॅन भरून आणणं सोपं वाटतं, पण खंबातच्या आखातातली भरती-ओहोटी देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे. ती तळचा गाळ सतत ढवळत ठेवते. त्यात पावसाळ्यात तापी सगळ्या खानदेशची माती आणि गोडं पाणी घेऊन उतरते. हे पाणी तसंच टाकीत ओतलं तर आधी मासा दिसेनासा होईल आणि मग उरणार नाही. माझं म्हणणं या विसंगतीतूनच निघतं. खाऱ्या टाकीची गाळणी ही समुद्रकाठच्या लोकांची विद्या नाही. ज्यांच्यापाशी समुद्राचं पाणी नव्हतं, किंवा असून उपयोगाचं नव्हतं, त्यांनी ती घरात, हाताशी असलेल्या वस्तूंतून घडवली आणि तिचा इतिहास कारखान्यापेक्षा स्वयंपाकघराच्या जास्त जवळचा आहे.

पुरावा लंडनपासून सुरू होतो. 1846 मध्ये अ‍ॅना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेले. समुद्राचं पाणी रोज मिळणार नव्हतं. म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून तेच पाणी या भांड्यातून त्या भांड्यात अर्धा-पाऊण तास ओतत राही. चहा निववताना आपण उंचावरून धार सोडतो, तशीच ती धार. खाऱ्या टाकीचं पहिलं उपकरण म्हणजे त्या मोलकरणीचे दोन हात. इतिहासाने मालकिणीचं नाव जपलं, तिचं नाही. पुढे 1850 मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने मासे, वनस्पती आणि गोगलगायी यांचा समतोल साधून पाणी न बदलता टाकी चालवता येते, हे केमिकल सोसायटीपुढे मांडलं. त्याची टाकी गोड्या पाण्याची होती. खाऱ्या पाण्याकडे तो लगेच नंतर वळला. 1854 च्या सुमारास फिलिप हेन्री गॉस याने कृत्रिम समुद्रजलाची कृती दिली. शंभर भागांत 81 भाग साधं मीठ, 7 भाग एप्सम सॉल्ट, 10 भाग मॅग्नेशियम क्लोराइड आणि 2 भाग पोटॅशियम क्लोराइड. साधं मीठ एकटं का चालत नाही, याचं उत्तर मिठागरात मिळतं. मीठ धरल्यावर कुंडीत जे कडवट पाणी उरतं आणि सोडून दिलं जातं, त्यात मॅग्नेशियम आणि पोटॅशियम असतं. माशाला हवं असलेलं नेमकं तेच आगरी माणूस टाकून देतो, कारण आपल्या जिभेला ते नको असतं.

आता किनाऱ्यावरची मत्स्यालयं पाहा. मद्रासचं 1909 चं, किंवा मुंबईत मरीन ड्राइव्हवर 1951 मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलेलं तारापोरवाला मत्स्यालय. दोन्ही अगदी समुद्राला लागून उभारलेली. पाणी बिघडलं तर नवं घ्यायला समुद्र दारात. उलट 1869 मध्ये बर्लिनला उंटर डेन लिंडेनवर मत्स्यालय निघालं, तिथे पाणी बनवणं भाग होतं. 1871 च्या क्रिस्टल पॅलेसमध्ये विल्यम आल्फर्ड लॉइडने दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कित्येक पट पाणी मावेल असा अंधारा हौद जमिनीखाली बांधला आणि पाणी खालून वर, वरून खाली फिरवत ठेवलं. आज हौशी लोक टाकीच्या खालच्या कपाटात जी दुसरी टाकी ठेवतात, ती या हौदाची नात. तिला ते 'संप' म्हणतात. मराठी कानाला हा शब्द काम बंद पडल्यासारखा लागतो. प्रत्यक्षात सगळं काम तिथेच चालतं.

पण गाळणी करते काय? आपल्याकडे पाणी गाळण्याची परंपरा फार जुनी आहे आणि म्हणूनच इथे गैरसमजही जुना आहे. वस्त्रगाळ पाणी, गढूळ पाण्यात उगाळलेली निवळी, फिरवलेली तुरटी, एकावर एक मांडलेली वाळू-कोळशाची मडकी. या सगळ्यांत गाळणं म्हणजे घाण अडवणं. टाकीत मात्र मारणारी घाण दिसत नाही. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. पाणी काचेसारखं स्वच्छ असतं आणि मासा तडफडत असतो. समुद्राचं पाणी अल्कधर्मी असल्याने त्यात अमोनिया अधिकच विषारी ठरतो. कोणतंही फडकं त्याला अडवू शकत नाही. तो नाहीसा कसा होतो हे 1877 मध्ये फ्रान्समध्ये श्लोएझिंग आणि म्युंत्झ यांनी दाखवलं. वाळू आणि चुनखडीने भरलेल्या लांब काचनळीतून त्यांनी सांडपाणी थेंबथेंब झिरपू दिलं. पहिले काही दिवस काहीच झालं नाही. सुमारे तीन आठवड्यांनी खालून अमोनियाऐवजी नायट्रेट येऊ लागलं. मग त्यांनी क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तसं काम थांबलं. ताज्या मातीचं धुवण ओतलं, तसं ते पुन्हा सुरू झालं. वाळू गाळत नव्हती, वाळूवरचं काहीतरी जिवंत ते पचवत होतं. दुधाला विरजण लावावं तशी ही गोष्ट. पुढे रोथॅमस्टेडच्या शेतीकेंद्रात हे काम दोन वेगळे जीव दोन पायऱ्यांनी करतात, इथवर जो पोचला तो रॉबर्ट वॉरिंग्टन आपल्या टाकीवाल्या वॉरिंग्टनचाच मुलगा. बापाने टाकी चालवली; ती का चालते याचं अर्धं उत्तर मुलाने शेताच्या मातीत शोधलं. 1890 मध्ये विनोग्राडस्कीने ते जिवाणू वेगळे काढले.

हे लक्षात घेतलं की घरगुती गाळणीचं तंत्र उलगडतं. तिला छिद्रं लहान नकोत, पृष्ठभाग मोठा हवा. म्हणून स्पंज चालतो, शिंपल्यांचा चुरा चालतो, भाजलेल्या सच्छिद्र मातीचे तुकडे चालतात. प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कापून ती उलटी करावी, आत हा माल भरावा, मधून एक नळी खालपर्यंत सोडून तिच्या तळाशी एअरपंपाची हवा द्यावी. बुडबुड्यांनी नळीतलं पाणी हलकं होऊन वर चढतं आणि त्याच्या जागी बाहेरचं पाणी मालातून ओढलं जातं. खर्च चहा-नाश्त्याचा. दुकानातल्या यंत्रात याहून निराळं तत्त्व नसतं. नवी टाकी लावताना जुन्या टाकीतली मूठभर ओली वाळू आणतात, ते तर सरळ विरजणच. आणि विरजणाप्रमाणे इथेही घाई चालत नाही. चार-सहा आठवडे टाकी लागू द्यावी लागते.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. 1961 मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी लिहिलं की आपण गाळणीच वापरत नाही. समुद्रातून आणलेले जिवंत दगड, थोडी हवा आणि ऊन एवढ्यावर प्रवाळ जगतात. हा माणूस समुद्राजवळचा, मग माझ्या सिद्धान्ताचं काय? मला वाटतं, एंग यांनी तो खोटा ठरवला नाही, उलट त्याची दुसरी बाजू दाखवली. ज्याच्याजवळ निर्मळ समुद्र आहे त्याला गाळणी बांधावी लागत नाही, कारण तो ती दगडाच्या पोटात बसलेली, तयार उचलून आणतो. कामरेजच्या माणसाला ती वाट बंद आहे, आणि फक्त गाळामुळे नाही. गुजरातचे प्रवाळ कच्छच्या आखातात, जामनगरकडे, सागरी राष्ट्रीय उद्यानात आहेत आणि 2001 पासून प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा आहे. तिथला दगड उचलणं हा गुन्हा आहे, आणि तो गुन्हा असावा हेच बरोबर. तेव्हा इथे दगडही घरीच होतो. सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि जाडं मीठ कालवून गोळे थापायचे, मीठ विरघळून गेलं की छिद्रं उरतात. मग ते गोळे आठवडेच्या आठवडे पाण्यात टाकून ठेवायचे आणि पाणी बदलत राहायचं, नाहीतर सिमेंटचा चुना पाण्याचा पोत बिघडवतो.

दुसरा आक्षेप नेहमीचा: हे सगळं जुगाड, आणि जुगाडाने मासे मरतात. मरतात, हे खरं. पण कशाने, ते पाहायला हवं. पितळी तोटीतल्या तांब्याने, बुरशीनाशक मिसळलेल्या सिलिकॉनने, नीट न वाळलेल्या सॉल्व्हेंटने. म्हणजे मरण येतं ते नळकामाच्या चुकीने. जिवाणूंचा त्यात दोष नसतो. संपातून पाणी वर चढवणाऱ्या पाइपचंच घ्या. वीज गेली की पंप थांबतो आणि तोच पाइप उलटा सायफन होऊन टाकी खाली करतो. पहाटे फरशीवर खारं पाणी. उपाय काय, तर पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली सुईएवढं भोक. पातळी तिथवर उतरली की हवा आत शिरते, सायफन तुटतो. फक्त ते भोक शेवाळाने बुजत नाही ना, हे अधूनमधून पाहावं लागतं. फेस काढणारं नळकांडंही असंच साध्या तत्त्वावर चालतं. खाऱ्या पाण्यात बारीक बुडबुडे सोडले की विरघळलेली प्रथिनं त्यांना चिकटून वर येतात आणि तपकिरी फेस वाटीत जमतो. 1960 च्या दशकात जर्मनीत हे तंत्र रुळलं. कामरेजच्या उसाच्या पट्ट्यात ते कोणाला समजावून सांगायला नको. गुऱ्हाळात काहिलीवर भेंडीचा चीक टाकून मळी वर आणतात आणि झाऱ्याने काढतात. तिथे उष्णता काम करते, इथे हवा.

तिसरं म्हणणं असं की आता तयार यंत्रं मिळतात, सुरतेतच पाल भागात महापालिकेचं मोठं मत्स्यालय आहे, मग घरगुती कारागिरी हा निव्वळ हट्ट. यंत्रांना माझा विरोध नाही; पंप कोणी घरी करत नाही आणि करूही नये. पण यंत्र विकत घेणारा बहुधा ते यंत्रच काम करतं असं समजतो आणि पंधरा दिवसांनी स्पंज नळाखाली धरून लख्ख धुतो. क्लोरीनच्या पाण्याने जिवाणू जातात, दोन दिवसांत मासे. ज्याने बाटली स्वतः भरली आहे तो ही चूक सहसा करत नाही. या मुलखाला तर हे शिकवायची गरजही पडू नये. गुजरातेतल्या जैन घरांत गळण्यातून पाणी गाळलं की कापडावर जे उरतं त्याला संखारो म्हणतात. तो मोरीत टाकत नाहीत; ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत तो जपून परत सोडतात, कारण त्यात जीव आहेत. सूक्ष्मदर्शकाची वाट न पाहता धरलेला हा रिवाज. टाकीचा स्पंजही तसाच धुवायचा असतो: टाकीतलंच बादलीभर खारं पाणी काढून घ्यायचं, त्यात तो दोन-तीनदा हलका पिळायचा आणि ओला असतानाच जागेवर ठेवायचा.