अश्लील चित्रफिती व दांपत्यजीवन (पिंपरी-चिंचवड–चाकण पट्टा)

मोबाइलवर लैंगिक चित्रफिती पाहण्याच्या सवयीचा पती-पत्नीच्या नात्यावर व लैंगिक आरोग्यावर होणारा परिणाम. या औद्योगिक पट्ट्यात तो कामगाराच्या राहणीपासून वेगळा काढता येत नाही. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले कंत्राटी कामगार भोसरी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी येथे खोली वाटून किंवा कॉट बेसिसवर राहतात. बायको गावी, पाळ्या बदलत्या, एकांत नाही. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि एके काळी जे व्हिडिओ पार्लरमध्ये चोरून पाहिले जायचे ते खिशात आले.

पाहणाऱ्या प्रत्येकाचा संसार बिघडतो, असे संशोधन सांगत नाही. वारंवार पाहणे व नात्यातील असमाधान अनेक अभ्यासांत एकत्र आढळते. पण दुरावलेली माणसेही पडद्याकडे वळतात, त्यामुळे आधी काय घडले हे ठरवणे अवघड. खरा घात अज्ञानाचा आहे. पडद्यावरचा संभोग हा कॅमेऱ्यासाठी केलेला, तुकडे जोडलेला अभिनय. त्यावरून स्वतःची वेळ व आकार मोजणारा तरुण सुट्टीत गावी जातो तो धास्ती घेऊनच, आणि त्या धास्तीनेच ताठरता जाते. पत्नीला न विचारता पडद्यावरचे तिच्यावर करून पाहणे ही जबरदस्ती आहे. तिच्या वेदनेची चर्चा मात्र क्वचितच होते.

ताठरतेच्या तक्रारीमागे मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, दारू किंवा रात्रपाळीने तुटलेली झोपही असते. ‘धातू जाण्या’च्या (वीर्य जाण्याच्या) भीतीपोटी भिंतीवरच्या ‘गुप्तरोग’ जाहिरातींकडे वळलेल्याचा पगार जातो आणि मधुमेह तसाच राहतो. मुळात हस्तमैथुनाने शक्ती जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात ‘अनिवार्य लैंगिक वर्तन विकार’ आहे. लैंगिक ऊर्मी दीर्घकाळ, साधारण सहा महिने वा अधिक, आवरता न येणे आणि त्यापायी काम, आरोग्य वा नाती कोलमडणे हे त्याचे लक्षण. ‘आपण पाप करतो’ एवढ्याच अपराधभावाने तो विकार ठरत नाही.

लैंगिक चित्रफीत व्हॉट्सॲपवर पुढे पाठवणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७अ खाली गुन्हा आहे. मुलांची असल्यास ती नुसती शोधणे वा उतरवून घेणेही कलम ६७ब खाली गुन्हा. कामाच्या जागी महिलेला लैंगिक चित्रफीत दाखवणे २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळ ठरते.

लैंगिक गोष्टी मराठीत बोलण्याची वाट र. धों. कर्वे यांनी पाडली. १९२७ ते १९५३ त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कर्व्यांना दंड झाला. त्यांच्या वाचकाला प्रश्न विचारायला एक पत्ता तरी होता. चाकणच्या खोलीतल्या पोराला आज चित्रफीत मिळते, उत्तर मिळत नाही.

त्रास होत असेल तर पती-पत्नींनी मिळून डॉक्टरांकडे जावे. मनावरचा ताण बोलून दाखवायला ‘टेली-मानस’ची १४४१६ ही सरकारी दूरध्वनी सेवा विनामूल्य आहे, ती मराठीतही मिळते.