खाद्य कीटकांतील अँटिऑक्सिडंट : फायदा किती, काळजी कोणती?

बस्तर आणि गडचिरोलीच्या आदिवासी भागांत लाल मुंग्यांची चटणी, तर आसामात एरी रेशमाच्या कोशातले किडे पिढ्यानपिढ्या खाल्ले जातात. कीटकांत संत्र्यापेक्षा जास्त अँटिऑक्सिडंट असतात, असे वाचून ते औषध म्हणून खावेत का, असा प्रश्न पडू शकतो.

अँटिऑक्सिडंट म्हणजे काय?

शरीरात ऊर्जा तयार होताना फ्री रॅडिकल नावाचे अस्थिर रेणू निर्माण होतात. ते प्रमाणाबाहेर वाढले की पेशींना इजा होते. त्यांना निष्प्रभ करणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. त्यांपैकी काही शरीर स्वतःच बनवते.

संशोधन काय सांगते?

इटलीतील संशोधकांनी २०१९ मध्ये नाकतोडे, रातकिडे आणि रेशीमकिडे यांचे पाण्यातील अर्क तपासले. त्यांची अँटिऑक्सिडंट क्षमता ताज्या संत्र्याच्या रसाच्या सुमारे पाचपट आढळली. मात्र ही चाचणी प्रयोगशाळेत झाली, माणसांवर नाही. खाल्लेला पदार्थ पचतो, त्यातला थोडाच भाग रक्तात पोहोचतो. त्यामुळे या आकड्यावरून आजार बरा होईल, असे म्हणता येत नाही.

अँटिऑक्सिडंट जास्त म्हणजे फायदाही जास्त, हेही खरे नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील मोठ्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढला.

कोणी काळजी घ्यावी?

- कोळंबी, खेकड्याची ॲलर्जी असणारे : कोळंबीतील ट्रोपोमायोसिन या प्रथिनासारखेच प्रथिन कीटकांतही असते. शिजवल्याने धोका टळेलच असे नाही. अशांनी कीटक खाऊ नयेत. परदेशात मिळणाऱ्या काही प्रोटीन बारमध्ये रातकिड्यांचे पीठ असते, म्हणून वेष्टनावरील घटक वाचा.
- धुळीतील सूक्ष्म किड्यांची ॲलर्जी असणारे : आधी डॉक्टरांना विचारा.
- गाऊटचे रुग्ण : काही कीटकांत प्युरीन जास्त असते. त्यामुळे युरिक ॲसिड वाढू शकते.
- सर्वांनी : कीटकनाशक फवारलेल्या शेतातले किंवा ओळख नसलेले कीटक खाऊ नका.

खाल्ल्यावर ओठ किंवा जीभ सुजली, श्वास घ्यायला त्रास झाला किंवा चक्कर आली, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.

थोडक्यात

ज्यांच्या घरी हे पारंपरिक अन्न आहे आणि ज्यांना त्याचा त्रास होत नाही, त्यांनी ते सोडण्याचे कारण नाही. त्यातून चांगली प्रथिनेही मिळतात. पण ते अन्न आहे, औषध नाही. केवळ अँटिऑक्सिडंट हवे असतील, तर आवळा, पेरू, पालेभाज्या आणि डाळी पुरेशा आहेत. मधुमेह, रक्तदाब किंवा कर्करोगाचे उपचार मात्र कोणत्याही पदार्थाच्या भरवशावर थांबवू नका.