प्रयोगशाळेची भाषा : उस्मानियाचा अनुभव आणि सीमाभाग

बेळगाव तालुक्यातील उचगावसारख्या गावांतून बी.एस्सी.च्या वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्याचे शालेय शिक्षण बहुधा मराठीत किंवा उर्दूत झालेले असते. रसायनशास्त्र मात्र त्याला इंग्रजीतून शिकावे लागते. बेळगावात 1933 साली सुरू झालेले लिंगराज महाविद्यालय प्रारंभी मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. 1949 मध्ये कर्नाटक विद्यापीठ आणि 2010 मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ अस्तित्वात आले. मध्यंतरी 1956 मध्ये राज्यही बदलले. विज्ञानाचे माध्यम तेवढे कायम राहिले.

याहून वेगळा प्रयोग हैदराबाद संस्थानात झाला. 1917 मध्ये तेथे भाषांतर विभाग, म्हणजे दारुल तर्जुमा, आणि 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. रसायनशास्त्रासह सर्व विषय उर्दूतून व इंग्रजी हा सक्तीचा विषय, अशी योजना होती. परिभाषा कशी घडवावी, यावर तेथील प्राध्यापक वहीदुद्दीन सलीम यांनी 1921 मध्ये 'वज़्ए इस्तिलाहात' हा ग्रंथ लिहिला. तो प्रसिद्ध करणाऱ्या अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्यालय त्या वेळी औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) होते. केवळ अरबीवर विसंबून न राहता उर्दूच्या देशी घडणीचाही उपयोग करावा, असा सलीम यांचा आग्रह होता.

या प्रयोगाने भारतीय भाषेतून विद्यापीठीय विज्ञान शिकवता येते हे सिद्ध केले. तथापि त्याची मर्यादाही नमूद केली पाहिजे. संस्थानातील बहुसंख्य प्रजेची भाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. बीड-परभणीच्या मराठी विद्यार्थ्याला उर्दू माध्यम हेदेखील परके माध्यमच होते. 1948 नंतर विद्यापीठाचे माध्यम बदलले आणि ती पाठ्यपुस्तके वर्गाबाहेर गेली.

यातून सीमाभागातील शिक्षकांनी काय घ्यावे? इंग्रजी काढून टाकणे आज शक्य नाही, इष्टही नाही. परंतु प्रयोगशाळेत तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट आपल्या भाषांतून काढता येते. क्षार-पृथक्करणात तिसऱ्या गटासाठी अमोनियम हायड्रॉक्साइडच्या आधी अमोनियम क्लोराइड घालतात. त्यामुळे द्रावणातील हायड्रॉक्साइडचे प्रमाण मर्यादित राहते आणि लोह, ॲल्युमिनियम व क्रोमियम यांचाच साका बसतो. हे अमोनियम क्लोराइड म्हणजे मराठीतील नवसागर, उर्दूतील नौशादर. कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर तोच चोळून तांब्यावरचा ऑक्साइडचा थर काढतो. सोरा आणि सज्जी हे शब्द दोन्ही भाषांत आहेत. मोरचूद उर्दूत नीला थोथा होतो, तुरटी फिटकरी होते, आणि ज्याला पुस्तकी मराठी अवक्षेप म्हणते त्या साक्याला उर्दू रसूब म्हणते. 'अल्कली' हा इंग्रजी शब्दही मुळात अरबीच आहे.

पदार्थ ओळखीचा असूनही केवळ नाव अनोळखी म्हणून विद्यार्थी बाटलीवरचे लेबल पाठ करतो, कृतीमागचे कारण विचारत नाही आणि तोंडी परीक्षेत गप्प राहतो. त्याची गणना मग 'कच्च्या' विद्यार्थ्यांत होते. ही गणना अन्यायाची आहे.

यासाठी आपल्या महाविद्यालयांतील भाषा विभाग व रसायनशास्त्र विभाग यांनी एकत्र बसून प्रथम वर्षाच्या प्रात्यक्षिकांपुरती इंग्रजी, मराठी, उर्दू व कन्नड शब्दांची यादी तयार करावी आणि ती प्रत्येक प्रयोगवहीच्या आरंभी लावावी. उस्मानियाने संपूर्ण विद्यापीठाचा भार एका भाषेवर टाकला होता. आपल्याला एका प्रयोगवहीपुरते काम चार भाषांत वाटून घ्यायचे आहे. त्याला शासनाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.