वास्तू, छाया आणि अमूर्तता : ल्युसियाँ एर्वे यांच्या छायाचित्रणाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

वास्तुइतिहासाच्या अभ्यासात इमारतीचे छायाचित्र हा विश्वसनीय पुरावा मानला जातो. परंतु छायाचित्रकाराने संपूर्ण इमारतीऐवजी एखादा कोपरा किंवा भिंतीवरील सावलीच टिपली असेल, तर अशा अमूर्त छायाचित्राकडे इतिहासाचे साधन म्हणून कसे पाहावे? ल्युसियाँ एर्वे (१९१०-२००७) यांच्या चंदीगड येथील छायाचित्रांच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नोंदीकडून रचनेकडे

एकोणिसाव्या शतकात भारतीय वास्तूंची छायाचित्रे प्रामुख्याने नोंदीसाठी घेतली गेली. लिनिअस ट्राइप यांनी १८५८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या जोत्यावरील शिलालेख २१ निगेटिव्ह जोडून एका सलग पट्टीत साकारले. काहीही सुटू नये, हा त्यामागील हेतू होता. विसाव्या शतकात ही दृष्टी पालटली. पॉल स्ट्रँड यांच्या ‘वॉल स्ट्रीट’ (१९१५) या छायाचित्रात बँकेच्या इमारतीच्या प्रचंड काळ्या कोनाड्यांखाली माणसे क्षुद्र भासतात. अलेक्झांडर रॉडचेन्को यांनी १९२५ मध्ये मॉस्कोतील इमारतीचे सज्जे थेट खालून टिपले. काय दाखवावे याइतकेच काय वगळावे हेही आता महत्त्वाचे ठरले.

एर्वे आणि चंदीगड

हंगेरीत जन्मलेल्या लास्लो एल्कान यांनी फ्रान्समधील नाझीविरोधी प्रतिकार चळवळीत ल्युसियाँ एर्वे हे नाव धारण केले. १९४९ मध्ये मार्सेय येथील ल कॉर्बुझिए यांच्या अपूर्ण निवासी इमारतीची सुमारे ६५० छायाचित्रे त्यांनी एका दिवसात घेतली. ती पाहून प्रभावित झालेल्या ल कॉर्बुझिए यांनी त्यांना आपले छायाचित्रकार केले. हे सहकार्य १९६५ पर्यंत, म्हणजे ल कॉर्बुझिए यांच्या मृत्यूपर्यंत टिकले. १९५५ व १९६१ मध्ये एर्वे भारतात आले. तीव्र छायाप्रकाश, तिरके कोन आणि प्रतिमेची निर्दय काटछाट ही त्यांच्या शैलीची वैशिष्ट्ये होत.

चंदीगडच्या उच्च न्यायालयाची इमारत १९५५ मध्ये वापरात आली. तिच्या दर्शनी भागावर ऊन अडवणारी काँक्रीटची चौकटरचना आहे. या रचनेवरील सावल्यांचा आकृतिबंध केवळ शोभेचा नाही. उन्हाशी इमारत कसा व्यवहार करते, हे तो दाखवितो. नकाशात न दिसणारी ही बाब अमूर्त छायाचित्र स्पष्ट करते. शिवाय उघड्या काँक्रीटवर शटरिंगचे ठसे उमटलेले असतात. जवळून टिपलेल्या पृष्ठभागाचे वाचन केल्यास बांधकाम मजुरांच्या श्रमाची खूणही हाती लागते.

मात्र या प्रतिमांची मर्यादाही तेथेच आहे. न्यायालयाच्या उघड्या मार्गिकेत ऊन-पावसाचा त्रास होऊ लागल्याने पुढे इमारतीला व्हरांडा जोडावा लागला. रचनेचे सौंदर्य सांगणाऱ्या छायाचित्रातून वापरणाऱ्यांची ही अडचण समजत नाही.

निष्कर्ष

अमूर्त छायाचित्र हा अपुरा पुरावा असला, तरी तो खोटा पुरावा नव्हे. चंदीगडच्या कॅपिटॉल संकुलाचा २०१६ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यामुळे मूळ रूप कोणते व कोणते बदल जपावेत, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे झाले आहेत. त्यांचा निर्णय केवळ गाजलेल्या छायाचित्रांवरून केल्यास इमारतीचा वापर व तिच्यातील माणसे इतिहासातून वगळली जातील. म्हणून अशा प्रतिमांचे वाचन आराखडे, दुरुस्तीच्या नोंदी व वापरणाऱ्यांचे अनुभव यांच्यासमवेतच व्हावयास हवे.