नाव अंडाशयाचे, दुखणे रक्तातले

माझ्या थोरल्या बहिणीच्या कपाटात दोन फायली आहेत. एक १९८८ सालची, स्त्रीरोगतज्ज्ञांकडची : पाळी अनियमित, हनुवटीवर केस, दिवस राहायला उशीर. दुसरी २००७ पासूनची, मधुमेहाची. या दोहोंचा एकमेकींशी काही संबंध असू शकतो, हे मधल्या एकोणीस वर्षांत ताईला कोणी सांगितले नाही. मी डॉक्टर नाही. पण त्या दोन फायलींपायी जुने शोधनिबंध मिळवून वाचायची सवय लागली, आणि लक्षात आले की खुद्द वैद्यकाच्या इतिहासातही या फायली बराच काळ वेगवेगळ्याच होत्या.

१९२१ साली पॅरिसमध्ये आशार आणि तिएर या डॉक्टरांनी ‘दाढीवाल्या स्त्रियांचा मधुमेह’ या नावाने एक निबंध सादर केला. नाव क्रूर आहे. त्यांची रुग्ण आजच्या व्याख्येत बसेलच असेही नाही. पण स्त्रीच्या अंगावरचे पुरुषी केस आणि रक्तातली साखर यांची सांगड त्यांनी घातली होती. त्याच वर्षी टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट इन्शुलिनच्या मागे लागले होते.

मग १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल यांनी सात स्त्रियांची हकिगत छापली. पाळी बंद, अंडाशय मोठे, त्यात अनेक गाठी. (वास्तविक त्या गाठी नव्हेत, वाढ अर्ध्यावर थांबलेल्या बीजपुटिका.) त्यांनी अंडाशयाचा मोठा भाग कापून काढला आणि सातही जणींची पाळी सुरू झाली, दोघींना दिवस गेले. एवढे यश डोळ्यांसमोर असताना रक्ताकडे कोण बघणार? आजार अंडाशयाचा ठरला आणि नावही त्याचेच पडले.

त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. शरीर इन्शुलिनला दाद देईनासे झाले की स्वादुपिंड जादा इन्शुलिन ओतून वेळ मारून नेते. साखर वर्षानुवर्षे ठीक दिसते. बिघाड असतो तो इन्शुलिनच्या पातळीत, आणि ती मोजण्याचे साधनच नव्हते. न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी आयोडीन वापरून ते तयार केले, तोवर १९६० उजाडले होते.

तरीही आणखी वीस वर्षे गेली. १९८० साली अमेरिकेतल्या मेंफिसच्या बर्गेन, गिव्हन्स आणि किताबची यांनी दाखवले की अशा स्त्रियांच्या रक्तात पुरुषी संप्रेरके आणि इन्शुलिन जोडीने वाढलेली असतात. ‘लठ्ठ आहेत म्हणून’ हा आक्षेप होताच. १९८९ मध्ये अँड्रिया ड्युनाइफ यांच्या गटाने सडपातळ स्त्रियाही तपासल्या; इन्शुलिनला दाद न देणे त्यांच्यातही आढळले. अंडाशयाची संप्रेरके औषधाने दाबली तरी हा दोष उरतो, हेही त्याच दशकात दिसले होते. उलट बाजूने मात्र दुवा पक्का आहे : वाढलेले इन्शुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरके बनवायला लावते, आणि ती संप्रेरके बांधून ठेवणारे यकृतातले प्रथिनही कमी करते. सोबत ट्रायग्लिसराइड चढते, चांगले कोलेस्टेरॉल उतरते. १९९४ साली व्हेनेझुएलातील डॉक्टरांनी मधुमेहाचे मेटफॉर्मिन देऊन पाहिले, तर काहींची पाळी परत आली. स्टाइन-लेव्हेन्थल यांनी सुरीने साधले ते गोळीने, साखरेच्या वाटेने.

२०१२ साली अमेरिकी राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ मंडळाने हे नाव दिशाभूल करते, ते बदलावे, असे सुचवले. मला नावापेक्षा १९९९ चा एक अभ्यास महत्त्वाचा वाटतो. २५४ स्त्रियांपैकी ३१ टक्क्यांची ग्लुकोज पचवण्याची क्षमता घटलेली होती आणि साडेसात टक्क्यांना चक्क मधुमेह होता. केवळ उपाशीपोटीच्या साखरेवर विसंबले असते, तर यातल्या बऱ्याच जणी निसटल्या असत्या.

गेल्या वर्षी भाचीची पाळी चुकू लागली, तेव्हा तिलाही फक्त सोनोग्राफी लिहून मिळाली. मी ताईला म्हटले, ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात, ती तपासणीही करून घे. भाची चोवीस वर्षांची, अंगाने बारीक. ताईला ते पटत नव्हते. उपाशीपोटी ८९ आली. दोन तासांनी १५६.