माळ, मेंढरं आणि माळढोक



तुकोबारायांच्या पालखीबरोबर आपण चालला असाल, तर काटेवाडीचे मेंढ्यांचे रिंगण आपण पाहिलेच असेल. परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, धनगर आपली मेंढरे पालखीभोवती पळवतात आणि टाळमृदंगाच्या नादात खुरांचा आवाज मिसळून जातो. आपण हात जोडतो, धूळ कपाळाला लावतो आणि पुढच्या मुक्कामाला लागतो. पण ही मेंढरे वर्षाचे बाकीचे दिवस चरतात कुठे, हा प्रश्न वाटेत क्वचितच कोणी काढतो. या वेळी त्या प्रश्नाच्या मागे थोडे दूरवर जाऊ.

पंढरीची कथा मुळात रानाचीच कथा आहे. रुसलेली रुक्मिणी आली ती दिंडीरवनात. तिला शोधत देव आले तेही एकटे नव्हे, गाई-गोपाळांसह आले आणि ते गोधन त्यांनी गोपाळपुरी ठेवले, अशी आपली श्रद्धा. पौर्णिमेचा काला आपण गोपाळपुरीच करतो. विष्णुपदावर खडकातल्या गाईंच्या खुरांच्या खुणा आपण म्हाताऱ्या माणसांनी बोट धरून दाखवल्यापासून ओळखतो. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात विठ्ठल हा मूळचा गवळी-धनगरांचा देव असल्याची मांडणी केली. ती सर्वांना पटलीच असे नाही. पण पट्टणकोडोलीला विठ्ठल आणि बिरदेव आजही एकत्र पुजले जातात, हे तर डोळ्यांनी पाहता येते. ज्याच्या पायाशी आपण जातो तो गुराख्यांच्या संगतीतला देव आहे, एवढे मानायला कोणाची हरकत नसावी.

आता भीमेच्या खोऱ्यातला माळ पाहा. बार्शीकडून सोलापूरला येताना नान्नजच्या आसपास दोन्ही बाजूंना उघडे रान लागते. झाड विरळ, माती उथळ, खाली मुरूम. सरकारी दप्तराने अशा जमिनीला 'पडीक' म्हटले आणि आपणही तो शब्द उचलला. पण ज्याने मेंढरे राखली त्याला विचारा. तो पवन्या वेगळा दाखवील, मारवेल वेगळी दाखवील, आणि कुसळ वाढले म्हणजे माळ थकला हेही सांगेल. या गवतात काळवीट राहते, लांडगा राहतो, खोकड राहते आणि माळढोक राहत असे.

माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांतला फार जड पक्षी. नर उभा राहिला की मीटरभर उंच, वजन पंधरा किलोपर्यंत जाते. मादी घरटे बांधत नाही, उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. वर्षाचे एक अंडे, तेही जमिनीवर, आणि त्याची वेळ पावसाळ्याची. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच सगळे अडणार आहे.

आधी शिकारीचे पाहू. गळ्यात माळ असलेल्या माणसाला शिकार वाईट म्हणणे सोपे आहे. पण शिकार कोणी, किती आणि कशासाठी केली याचा हिशेब तो सहसा मांडत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत अहमदनगरच्या मुलखात एकाच इंग्रज शिकाऱ्याने नऊशेहून अधिक माळढोक मारल्याची नोंद आहे. भुकेपोटी नऊशे पक्षी कोणी मारत नाही. आपले संस्थानिकही मागे नव्हते. कोल्हापूर दरबारात काळविटांवर चित्ते सोडण्याची शिकार प्रसिद्ध होती आणि देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर आफ्रिकेतून आणवले गेले. १९५२ साली तर चित्ता देशातून संपल्याचे जाहीरच झाले. त्याच दरबाराच्या शिकारीसाठी राखलेले दाजीपूरचे रान मात्र १९५८ साली गव्यांचे अभयारण्य झाले. राजाने स्वतःच्या हौसेसाठी राखले म्हणून ते रान तुटायचे राहिले, असाही इतिहासाचा एक विचित्र न्याय आहे.

आणि फासेपारधी? तो फास लावून तितर-लाव्हे धरी, कधी हरीण धरी, बाजारात विकी आणि पोट भरी. १८७१च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. पुढे तो कायदा मुंबई इलाख्यातही आला आणि पारधीही त्यात सापडले. सोलापुरात अशा जमातींसाठी कुंपणाआडची वसाहत होती. सेटलमेंट हे नाव तिथे अजून टिकून आहे. १९५२ साली तो शिक्का पुसला गेला. वीस वर्षांनी, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याचा धंदाच गुन्हा ठरला. कायदा योग्य होता. तो नसता तर काळवीट आज दिसले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. पण हौसेने मारणारा बंदूक भिंतीला टांगून घरी बसला आणि पोटासाठी मारणारा कोठडीत गेला, दुसरा धंदा त्याला कोणी दिला नाही, हेही त्याच कायद्याच्या खाती लिहावे लागेल.

झाडांच्या बाबतीत आपल्याकडे एक जुना दाखला आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५-१६च्या सुमारास, आरमाराच्या लाकडाविषयी सविस्तर सूचना आहेत. सागवान वगैरे लागेल ते परवानगीने तोडावे. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेलेच असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावे. बळजबरी सर्वथा करू नये. राज्याला जहाजे हवी होती, लाकूड तोडायचेच होते, हे अमात्य नाकारत नाहीत. झाडामागे माणूस आहे, एवढेच ते विसरत नाहीत.

गवतालाही अशी शिस्त होती. सरकारी घोड्यांसाठी कुरणे राखलेली असत. पावसाळ्यात तिथे गुरे शिरू द्यायची नाहीत, गवत वाढू द्यायचे, बी धरू द्यायचे, मग कापून गंजी रचायच्या. गावाला स्वतःचे गायरान होते. वनचराई नावाची पट्टीही होती, म्हणजे चराई फुकट होती असे समजू नका. जाच तेव्हाही होता. पण कोणाचे जनावर कुठे, कोणत्या महिन्यात चरेल, याचे काही ठरलेले असे.

इंग्रजी अमलात रेल्वे आली. रुळांखाली स्लीपर हवे, इंजिनाला जळण हवे. जंगल कापले गेले आणि मग उरलेले राखण्याची घाई झाली. १८७८च्या जंगल कायद्याने जंगले राखीव केली, त्याबरोबर कित्येक कुरणे आणि चराईची राने वनखात्याकडे गेली. गुरे शिरली की कोंडवाडा. ठाणे-कुलाब्याकडे भाताच्या राबासाठी फांद्या तोडण्यावरून इतका असंतोष माजला की सरकारला १८८५ साली चौकशी कमिशन नेमावे लागले. त्याआधीच, १८८३ साली, जोतीराव फुले 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये सांगत होते की डोंगर, दऱ्या आणि गायराने जंगलखात्याने गिळली आणि गरीब शेतकऱ्याच्या शेरडा-करडांना फिरायला जागा उरली नाही. जंगल राखू नका असे फुले म्हणत नव्हते. कोणाच्या पोटावर पाय देऊन राखता, हा त्यांचा प्रश्न होता.

शंभर वर्षांनी तोच प्रश्न नान्नजला उभा राहिला. १९७०च्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात तिथल्या माळाचे काही तुकडे गवतासाठी राखले गेले. गवत वाढले आणि माळढोक तिथे अंडी घालू लागला. १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले. पुढच्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या असद रहमानींनी तिथे राहून या पक्ष्याचा अभ्यास केला. इथपर्यंत सगळे चांगले.

पण अभयारण्याचा विस्तार किती, तर ८,४९६ चौरस किलोमीटर! त्यात गावे आली, बाजारपेठा आल्या, कोणाची बागायत आली, कोणाचे घर आले. प्रत्यक्ष गवताळ वनजमीन त्यात अगदी थोडी. जमिनीच्या खरेदी-विक्रीला अडचण, बांधकामाला परवानगी, आणि दोष सगळा एका मुक्या पक्ष्याच्या माथी. ज्या शेतकऱ्याच्या ज्वारी-हरभऱ्यात तो बिनघोर टोळ-नाकतोडे टिपत असे, त्याच शेतकऱ्याला तो डोळ्यासमोर नकोसा झाला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत विषय जाऊन, तीसएक वर्षांनी क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. तोवर पक्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. आज देशभरात मिळून दीडशेच्या आसपास माळढोक असावेत असा अंदाज आहे. ते बहुतेक राजस्थानात आहेत. नान्नजला एखादा दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या, त्यांचा दोष धनगराच्या गळ्यात घालता येत नाही. पहिली, माळ 'पडीक' म्हणून त्यावर गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली. हेतू चांगला होता, हिरवळीचा होता. पण ज्या पक्ष्याला चहूकडे दूरवर दिसल्याशिवाय चैन पडत नाही, त्याला झाडांची दाटी म्हणजे देशोधडीच. दुसरी, १९८० साली उजनी धरण पुरे झाले आणि कोरडवाहू ज्वारीच्या जागी ऊस आला. आषाढीला चंद्रभागेत आपण स्नान करतो ते पाणी पुष्कळदा उजनीतूनच सोडलेले असते. त्याच पाण्याने माळ उसाखाली गेला आणि काळवीट पिकात शिरू लागले. हे पाणी नको असे मी म्हणणार नाही, आपणही म्हणणार नाही.

आता त्या एका अंड्याकडे परत येऊ. धनगर दिवाळीच्या सुमारास कळप घेऊन कोकणाकडे किंवा बागायतीकडे निघतो, शेतकऱ्यांच्या रानात मेंढरे बसवतो, खताचे मोल घेतो आणि मृगाच्या तोंडावर घरच्या माळाला परततो. म्हणजे माळढोकाची मादी अंड्यावर बसते तेव्हाच नेमके कळप माळावर असतात. खुराखाली अंडे जाते, कुत्रे पिलाला उठवते. म्हणून चराई आणि पक्षी एकत्र नांदतात, असे गोड बोलून भागत नाही. आणि चराई कायमची बंद केली तर गवत वाढून जरड होते, काळवीटही तिथे फिरकेनासे होते. शिवाय मेंढरे उरलेल्या तुकड्यावर दाटीने चरतात, आणि तो तुकडा कुसळाने भरतो. लांडग्याचे तर पोटच आता बरेचसे मेंढरांवर चालते; मेंढरू गेले की धनगराचे नुकसान होते आणि कळपच माळ सोडून गेले तर लांडग्याने कुठे जावे?

मला विचाराल तर उत्तर त्या जुन्या कुरणाच्या शिस्तीतच आहे. आषाढापासून आश्विनापर्यंत माळाचे निवडक तुकडे बंद ठेवायचे, गवताला बी धरू द्यायचे, मग कापणीला आणि चराईला मोकळे करायचे, दर वर्षी वाडीवस्तीशी बोलून. त्या चार महिन्यांच्या चाऱ्याचे मोल मात्र धनगराला रोख द्यायचे, अमात्यांनी जीर्ण आंब्याच्या धन्याला द्यायला सांगितले तसे. ते न देता नुसती तार ओढली, तर ती तार रात्रीत तुटते. नान्नजच काय, कुठेही तुटते.

आणि एक आपल्या दिंड्यांपुरते. अलीकडे वारीत झाडे लावण्याची, बिया टाकत चालण्याची चांगली चाल पडली आहे. रस्त्याच्या कडेला, मुक्कामाच्या गावात, विहिरीपाशी वड-पिंपळ-कडुनिंब जरूर लावा. पण गाव मागे पडून उघडा माळ लागला, की मूठ जरा आवरती घ्या. जवळपास कोणी मेंढरे राखीत उभा असेल. त्याला राम राम घालून विचारा, इथे पवन्या होता का म्हणून.