यंत्राच्या रोजकीर्दीतील इशारे : पिंपरी-चाकण पट्ट्यासंबंधी एक टिपण

वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. तेव्हापासून अस्सल कागद कोणता व मागाहून रचलेली बखर कोणती, हा विवेक महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनाचा पाया मानला गेला आहे. तोच विवेक आता एका निराळ्या दप्तरास लावणे प्राप्त आहे. कारखान्यातील संगणक आपल्या यंत्रभागांच्या प्रकृतीची जी रोजकीर्द स्वतःच लिहीत असतो, ते हे दप्तर होय.

१९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे कारखान्यांची रांग चाकणपर्यंत पोचली. आरंभीच्या काळात बिघाड टिपणारा व तो वाचणारा बहुधा एकाच छपराखाली असे. १९९३ च्या विंडोज एनटीमध्ये घटनांची नोंदवही आली, २००१ साली विंडोज एक्सपीबरोबर दूरस्थ डेस्कटॉप सर्वत्र पसरला, आणि चाकणची नोंद हिंजवडीस किंवा थेट जर्मनीत बसून वाचता येऊ लागली. लेखक व वाचक यांची अशी ताटातूट झाली की अर्थनिर्णयाचा प्रश्न उभा राहतोच.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की, ‘इशारा’ ही प्रतवारी यंत्राची नव्हे, आज्ञावली लिहिणाराची आहे. विंडोजच्या नोंदवहीत सतराव्या क्रमांकाचा इशारा बहुधा दुरुस्त झालेल्या दोषाचा असतो. एकशे त्रेपन्नावा सांगतो की, डिस्कवरील वाचन वा लेखन पुन्हा करावे लागले. दोन्ही ठिकाणी काम बहुधा पार पडलेले असते. वर्षातून एकदा आलेल्या अशा नोंदीस फारसे महत्त्व नाही. परंतु तीच एका डिस्कविषयी रोज येऊ लागली, तर डिस्क वा तिची जोडतार निकामी होत आहे, असा संशय घ्यावा लागतो.

याउलट एकेचाळीसावी नोंद ‘गंभीर’ या प्रतीची. तथापि ती शुद्ध बखर आहे. संगणक अकस्मात बंद पडला हे ती सांगते, पण लिहिली जाते तो पुन्हा सुरू झाल्यावर. आणि कारणाविषयी ती बहुधा मौनच पाळते. येथे स्थानिक ज्ञानावाचून गत्यंतर नाही. या पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते, आणि विजेची दुरुस्तीही त्याच दिवशी काढण्याचा प्रघात आहे. अशा नोंदी गुरुवारीच पडत असतील, तर संगणक उघडण्यापूर्वी वीजपुरवठ्याची चौकशी करणे शहाणपणाचे.

परंतु वार तरी नीट कळतो काय? नोंदीची वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवलेली असते व वाचणाराच्या स्थानिक वेळेत दिसते. चाकणला गुरुवारी पहाटे ४ वाजता पडलेली नोंद, वहीची प्रत जर्मनीत उघडल्यास, हिवाळ्यात बुधवारी रात्री ११.३० ची दिसेल आणि गुरुवारचा सुगावाच नाहीसा होईल. सुहूर सनाची तारीख शकात बदलून न घेता पत्रांचा क्रम लावण्यासारखाच हा प्रकार.

सर्वांत मोठी अडचण साधनांच्या नाशाची आहे. या नोंदवहीची मर्यादा मुळात सुमारे २० मेगाबाइट इतकीच ठेवलेली असते. ती भरली की नवी नोंद जुनीस पुसून टाकते. सतराव्या क्रमांकाचे निरुपद्रवी इशारे हजारोंनी साचले, तर डिस्कचे मोजके, मोलाचे इशारे त्यांच्याखाली नष्ट होतात. म्हणून दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी वहीची नक्कल काढून ती अन्यत्र ठेवली पाहिजे. ज्या डिस्कवर वही असते तीच बदलली, तर तिच्याबरोबर ही रोजकीर्दही भंगारात जाते.